लुआरच्या बांधावरून सायकल आणि आमची बंद पडलेली शकुंतला

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातल्या सायकल सफरीवर लेख आला होता. आमच्या गावातल्या टपरीवर तो तिघाचौघांनी वाचला, मग पेपरची घडी करून मला आणून दिला, म्हणे भाऊ तुम्ही गेले होते ना तिथं, मग हे खरं आहे का ते सांगा. म्हणून लिहून राहिलो. मोबाईलवर टाइप करतो, काना-मात्रा इकडची तिकडे झाली तर सांभाळून घ्या.

लेखात खोटं काही नाही. पण वाचून माणसाला असं वाटते की ही सफर म्हणजे लाख-दीड लाखाची सायकल, अंगाला चिकटलेले कपडे, रात्री महालात मुक्काम आणि हातात वाइनचा ग्लास असणाऱ्यांचंच काम. लेखात महाल आले, राजे आले, राण्या आल्या, फक्त ज्या रस्त्यावरून सायकल चालते तो रस्ताच नाही आला. मी तर म्हणतो तिथं पाहण्यासारखी पहिली गोष्ट तो रस्ता आहे, महाल त्याच्यानंतर.

आधी माझं सांगतो म्हणजे समजेल हा माणूस काहून मधे बोलून राहिला. मी चौतीस वर्षं ग्रामीण डाकसेवक होतो, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. तीन गावं, रोजचे बावीस किलोमीटर, उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि पावसाळ्यात पांदणीत चिखल झाला की सायकल खांद्यावर अन् डाकेची थैली पोटाशी धरून. सायकल आमच्यासाठी शौक नव्हता, पोट होतं. रिटायर झालो तर पोरगा म्हणे बाबा आता ते धूड भंगारात द्या, लोक काय म्हणतील. दिलं नाही.

मुलगी आणि जावई नांत नावाच्या शहरात नोकरीला आहेत, हीच लुआर नदी नांतवरून पुढं जाऊन समुद्राला मिळते. मागच्या जूनमधे नातीच्या वाढदिवसाला गेलो. चार दिवस सोफ्यावर बसून माझे पाय दुखायला लागले, आयुष्यात कधी बसून दुखले नव्हते. मुलगी म्हणे चला बाबा, तुम्हाला सायकलवर नेते. असं ठरलं, काही मोठं प्लॅनिंग वगैरे नव्हतं.

सायकल भाड्याची घेतली. साधी, गिअरवाली, मडगार्ड आहे, कॅरिअर आहे, घंटी आहे. मागं दोन्ही बाजूंनी अडकवायच्या थैल्या, अगदी आपल्या डाकेच्या थैलीसारख्या, मला तर ड्युटीवर निघाल्यासारखं वाटलं. एका शहरातून भाड्यानं घ्यायची आणि पुढच्या कुठल्या शहरात सोडून द्यायची अशी सोय आहे. कपडे म्हणाल तर टेरिकॉटची पॅन्ट आणि घोट्याजवळ क्लिप, चौतीस वर्षं लावली तीच. कोणी हसलं नाही. उलट एका म्हाताऱ्यानं क्लिप बोटानं दाखवून अंगठा वर केला, त्याच्याही पॅन्टला होती.

नांतहून ऑर्लेआँपर्यंत आम्ही रेल्वेनं गेलो आणि तिथून नदीच्या प्रवाहाबरोबर परत खाली यायचं असं ठरवलं. त्यांच्या लोकल गाडीच्या डब्यात सायकल टांगायचे हूक असतात, आपली सायकल आपण चढवायची आणि समोर बसून राहायचं. उन्हाळ्यात तर या नदीकाठच्या गाड्यांना सायकलींसाठी जास्तीची जागा ठेवतात. मी एकदा आपल्या इकडच्या एका मोठ्या स्टेशनवरून जुनी सायकल पार्सलनं आणली होती, अर्धा दिवस पावती करण्यात, गोणपाटात शिवण्यात गेला आणि उतरवली तेव्हा पुढचा रिम वाकडा. जाऊ द्या.

आता रस्ता. लुआर ही फ्रान्समधली सर्वात लांब नदी, हजार किलोमीटरच्या वर. नकाशावर पाहाल तर आधी उत्तरेकडे जाते, ऑर्लेआँजवळ वळण घेऊन पश्चिमेला निघते आणि अटलांटिक समुद्राला मिळते. दिसायला एकदम आपल्या वर्धा नदीसारखी, मी खोटं नाही बोलत, उन्हाळ्यात मधोमध रेतीची बेटं, दोन-तीन धारा इकडून तिकडून, काठावर झाडोरा. पाणी उथळ दिसते पण उतरायचं नाही, पायाखालची रेती सरकते म्हणून जागोजागी पोहायला मनाई आहे. आणि पुराला आली की मग कोणाच्या बापाची नाही. १८४६, १८५६ आणि १८६६ असे वीस वर्षांत तीन महापूर आले, बांध फुटले, गावं गेली. त्या पुरांच्या खुणा तिथल्या भिंतींवर, पुलांवर कोरून ठेवल्या आहेत, आडवी रेघ आणि वर्ष. एका गावात माझ्या डोक्याच्या वर हातभर ती रेघ होती. मी तिच्याखाली उभा राहून फोटो काढला आणि मला मोवाड आठवलं. ३० जुलै १९९१, आमच्याच वर्धा नदीनं एका सकाळी गाव नेलं, दोनशेच्या वर माणसं गेली. ती रेघ आपण कुठं कोरून ठेवली? त्या दिवसांत मी डाक वाटत होतो, मोवाडहून येणाऱ्या पत्रांची लोक कशी वाट पाहत होते ते मला माहीत आहे.

तर या पुरासाठी त्या लोकांनी नदीच्या काठानं मातीचे उंच बांध घातले, आठशे वर्षांपासून घालत आले, वाढवत आले. त्याला ते लव्हे म्हणतात. बांधाच्या डोक्यावर बैलगाडी जाईल एवढा रस्ता होताच. १९९५ च्या सुमारास तिथल्या दोन प्रांतांनी मिळून ठरवलं की सायकलचा मार्ग काढायचा, आणि त्यांनी काय केलं तर नवीन रस्ता फार कमी बांधला, हा बांधावरचा रस्ता घेतला, कुठं कॅनॉलच्या काठची वाट घेतली, कुठं द्राक्षाच्या वावरामधली पांदण घेतली, कुठं गावातली गल्ली, हे तुकडे एकाला एक जोडले आणि प्रत्येक फाट्यावर एक लहानशी पाटी लावली, सायकलचं चित्र आणि बाण. झाला नऊशे किलोमीटरचा मार्ग. २०१२ पर्यंत पुरा केला, घाई नाही केली. हाच मार्ग पुढं युरोपातल्या मोठ्या सायकल मार्गाला जोडला आहे, पाय साथ देत असतील तर थेट रुमानियात काळ्या समुद्रापर्यंत जा.

आठ दिवसांत मी एकदाही कोणाला रस्ता विचारला नाही, मला त्यांची भाषा येतच नव्हती. ज्यानं चौतीस वर्षं पत्त्यावर पोहोचवायचं काम केलं तो सांगतो, पाटी बरोबर जागेवर लावणं ही सोपी गोष्ट नाही. फाट्याच्या आधी एक आणि फाटा ओलांडल्यावर एक, म्हणजे बरोबर वळलो याची खात्री पटते. आपल्याकडे पाटी असली तर ती आमदारांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागं असते.

सगळं गोड गोड नाही सांगत. एक तर वारा. पाणी पश्चिमेला जाते, आम्हीही पश्चिमेला, पण वारा समुद्रावरून समोरून येते, उतारावरसुद्धा पायडल मारावं लागते. लेखात लिहिलं की नदीबरोबर खाली जाणं सोपं, ते वाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. दुसरं म्हणजे बांधाच्या काही तुकड्यांवर मोटारीही चालतात आणि त्या काही हळू जात नाहीत. आणि तिसरी चूक माझीच, तिकडे उजव्या हातानं चालायचं, दुसऱ्याच दिवशी एका गावच्या गोल चौकात मी सवयीनं डावीकडून शिरलो तर समोरून पावाची गाडी. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, काच खाली केली, मला वाटलं आता शिव्या, तर त्यानं फक्त हातानं गोल फिरवून दाखवलं, असं नाही, असं. मुलगी मागून ओरडून राहिली होती ते वेगळं.

खाण्याचं सांगतो कारण टपरीवर सगळ्यात आधी तेच विचारलं. मी माळकरी, मासमच्छी नाही. सकाळी बेकरीतून लांब पाव घ्यायचा, टमाटे, फळं आणि चीज. दुपारी बारा ते दोन गावातली दुकानं बंद, सोमवारी तर पुष्कळ ठिकाणी दिवसभर बंद, आधी नाही घेतलं तर उपाशी, एक सोमवार आम्ही बिस्किटांवर काढला. त्या भागात बकरीच्या दुधाचं एक चीज मिळते, दंडुक्यासारखं लांब, वरून राखेचा थर आणि मधोमध आरपार एक काडी. मला वाटलं कचरा गेला. तर ती काडी मुद्दाम घालतात, चीज तुटू नये म्हणून. चव चांगली होती, जराशी आंबट. मनात आलं, आमच्या जिल्ह्यात बापू बकरीचं दूध पिऊन राहिले, पण आपल्या कोणाला असं काही करून विकायचं सुचलं नाही.

पाण्याची एक युक्ती मुलीनं शिकवली. तिकडे प्रत्येक गावाला कब्रस्तान आणि तिथं नळ असतेच, फुलांना पाणी घालायला. सायकलवाले तिथंच बाटल्या भरतात. मला पहिल्या दिवशी नको वाटलं, तिसऱ्या दिवशी मीच म्हणायला लागलो, चर्चचा कळस दिसला, आता मसणवटी जवळ असल.

महालांचं लेखात आलंच आहे, मी थोडक्यात सांगतो, आणि माझ्या नजरेनं. शांबोर नावाचा महाल फ्रान्सवा पहिला या राजानं १५१९ मधे बांधायला काढला, शेकडो खोल्या, तीनशेच्या जवळपास धुरांड्याच्या चुली, आणि मधोमध असा जिना की एक माणूस चढते, एक उतरते, दोघं एकमेकांना दिसतात पण भेटत नाहीत. राजा स्वतः तिथं सगळं मिळून थोडेच आठवडे राहिला. सगळे लोक जिना पाहून राहिले होते, मी भिंत पाहून राहिलो. महालाभोवतीच्या जंगलाला ३२ किलोमीटरची दगडी भिंत आहे आणि आत हरणं आणि रानडुकरं. रानडुकरं! शिकारीसाठी राजानं भिंतीत कोंडून ठेवली. अन् आमच्या इकडं तूर-हरभऱ्याच्या वावरात माणूस रात्रभर मचाणावर जागली करते, डबे वाजवते, तरी सकाळी अर्धा एकर साफ. मी मुलीला म्हटलं, या राजाला आमच्या गावचा सरपंच करायला पाहिजे होता.

ब्ल्वा नावाच्या गावात एक उंच दगडी जिना आहे आणि त्यावर एका माणसाचा पुतळा. दनी पापँ, १६४७ मधे या गावाजवळच जन्मला. यानं १६७९ मधे झाकण घट्ट बसवलेलं, वाफेनं हाडंसुद्धा शिजवणारं भांडं तयार केलं, आणि ते फुटू नये म्हणून जास्तीची वाफ सोडून देणारी झडप लावली. म्हणजे आपला कुकर आणि कुकरची शिटी. मी खरंच हात जोडले. मुलीला वाटलं देव समजलो. म्हटलं बाई, तुझ्या आईनं चाळीस वर्षं याच्या भरवशावर वरण शिजवलं.

अँब्वाझला लिओनार्दो दा विंची आपली शेवटची तीन वर्षं राहिला आणि १५१९ मधे तिथंच वारला, ते घर पाहिलं, गर्दी लय होती. व्हिलाँद्रीचा बगीचा मात्र शेतकऱ्यानं पाहावा असा आहे. नऊ मोठे चौकोन आणि त्यात फुलं कमी, भाजीपाला जास्त, पत्ताकोबी, बीट, कांद्याची पात, रंग पाहून सतरंजीसारखे वाफे. १९०६ मधे एका डॉक्टरनं हा पडका महाल घेतला आणि बगीचा परत जुन्या पद्धतीनं उभा केला. तिकीट काढून लोक पत्ताकोबी पाहून राहिले होते. आमच्या बाजारात त्याच कोबीला दोन रुपये किलोनं कोणी विचारत नाही तेव्हा जनावरांपुढं टाकतो.

आता खरी गोष्ट, ज्याच्यासाठी एवढं लांब लिहिलं.

पाचव्या दिवशी आम्ही एका मोठ्या शहरात पोहोचलो, त्याचं नाव तूर. (आपली तूर नाही, तशी तिकडे दिसलीही नाही.) तिथं लुआरवर एक जुना दगडी पूल आहे, अठराव्या शतकातला, खूप कमानींचा. पुलाच्या अलीकडे बाकावर डबा खात बसलो होतो तर मुलीनं मोबाईलवर वाचून दाखवलं. ९ एप्रिल १९७८ ला या पुलाच्या कमानी कोसळल्या. पूर नव्हता, भूकंप नव्हता. पुलाचा पाया लाकडी खांबांवर होता, ते खांब पाण्यात, रेतीत दबून होते तोवर दोनशे वर्षं टिकले. पण नदीतून वर्षानुवर्षं रेती उपसली, नदीचा तळ खाली गेला, पाया उघडा पडला, त्यात आधी दुष्काळाचं वर्ष, आणि मग एक दिवस एकामागून एक कमानी बसल्या. पुलातून जाणारी पाण्याची लाइनही तुटली, नदीकाठचं शहर आणि प्यायला पाणी नाही. पूल त्यांनी परत बांधला, दिसायला तसाच. आणि नव्वदच्या दशकात नदीच्या पात्रातून रेती काढणंच बंद करून टाकलं. म्हणून आज ती बेटं दिसतात, त्यावर पक्षी अंडी घालतात, आणि त्या बेटांचे फोटो तुमच्या पुरवणीत छापून येतात.

साहेब, मी पुढचा घास नाही गिळू शकलो. वर्धा नदीच्या काठावर मी चौतीस वर्षं सायकल चालवली. जिथं उन्हाळ्यात आम्ही रेतीत झिरा खोदून पाणी पीत होतो, पोट्टे रेतीत डांगरवाड्या (टरबूज-खरबुजाचे मळे) लावत होते, तिथं आता काळा दगड आणि डबकं आहे. रात्री बारानंतर रेतीचे टिप्पर निघतात, लाइट बंद करून. सगळ्यांना माहीत आहे, पण पाहिलं कोणी? कोणीच नाही, कारण नदीवर आता कोणी जातच नाही. डोंगे बंद झाले, धोबीघाट बंद झाला, गुरं बोअरच्या हौदावर पाणी पितात, लोक पुलावरून भर्रकन निघून जातात. नदीकाठची वाट मोडली, तिच्यावर बाभूळ वाढली आणि नदी चोरांच्या हवाली झाली.

लुआरच्या बांधावर मला हे दिसलं. तिथं दिवसभर कोणी ना कोणी आहे. आमच्यासारखे परगावचे तर आहेतच, पण सकाळी सात वाजता शाळेची पोरं त्याच वाटेनं जातात, एक बाई सायकलच्या टोपलीत पाव घेऊन येते, म्हातारे गळ टाकून बसतात, जूनमधे रात्री दहापर्यंत उजेड असते तेव्हा जेवून झाल्यावर लोक पुन्हा फिरायला येतात. एवढ्या डोळ्यांसमोर कोण टिप्पर लावल? मी असं नाही म्हणत की सायकल मार्गामुळं रेती वाचली, ती कायद्यानं वाचली. पण वाट चालती आहे म्हणून कायदा पाळला जाते का नाही हे पाहायला माणूस तरी आहे.

आणि पैसे येतातच, ते काही वाईट नाही. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत ज्यांची घरं, खानावळी, छोटी हॉटेलं आहेत ते दारावर एक ठराविक पाटी लावतात, म्हणजे तिथं सायकल कुलपात ठेवायला जागा, दुरुस्तीचं सामान आणि थकलेल्या माणसाला विचारपूस मिळणार. आम्ही एका रात्री ज्यांच्याकडे राहिलो ते म्हातारा-म्हातारी शेतकरी, शेती पोराला दिली आणि गोठ्याच्या वरच्या दोन खोल्या सायकलवाल्यांना. पुढं सोम्यूरकडे पांढऱ्या मऊ दगडाच्या टेकड्या लागतात, महालांसाठी दगड काढून काढून आत गुहा झाल्या, त्या गुहांमधे आता मशरूम पिकवतात, कोणी वाइन ठेवते, कोणी राहतेसुद्धा. खाण संपली म्हणून सोडून दिली नाही.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहा. पुलगाव ते आर्वी आमची छोटी लाइन होती, ३५ किलोमीटर, यवतमाळकडच्या छोट्या गाडीसारखं लोक तिलाही शकुंतलाच म्हणत. विरूळ, रोहणा करत नदीला धरून धरून येत होती. बंद पडून वर्षं झाली. रूळ गंजले, काही गेले, पण मुरमाचा भराव अजून आहे, सरळ, चढ-उतार नाही, लहान पूल-मोऱ्या बांधलेल्या. फ्रान्समधे अशा बंद पडलेल्या लाइनींवरूनही सायकलच्या वाटा काढल्या आहेत. मला माहीत आहे इथं ब्रॉडगेजची मागणी आहे, ती झाली तर माझ्याएवढा आनंद कोणाला नाही, पण ती होईपर्यंत तरी तो भराव काटेरी झुडपांच्या नावानं काहून ठेवायचा? दुसरं, निम्न वर्धा धरणाच्या कॅनॉलच्या काठानं इरिगेशनचा मुरमाचा रस्ता आहेच. तिसरं, पांदण रस्ते, दर निवडणुकीत मोकळे होतात, कागदावर. आणि जायला ठिकाणं म्हणाल तर देऊरवाड्याहून नदी ओलांडली की कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर, तिथून दर आषाढीला पालखी पंढरपूरला जाते. तिकडे खाली पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम, मग सेवाग्राम. लुआरच्या महालांइतकं उंच काही नाही आपल्याकडे, पण वारकऱ्याला उंची लागत नाही.

अडचणी मला कोणी सांगायची गरज नाही, मीच सांगतो. मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत सायकल चालवा असं मी शत्रूलाही नाही म्हणणार. ही वाट नोव्हेंबर ते फेब्रुवारीची. कॅनॉलच्या रस्त्यावर बाभळीचे काटे आणि गोखरू एवढं आहे की मागच्या महिन्यात मी पाहून यावं म्हणून गेलो तर सात किलोमीटरमधे दोन पंक्चर, सोल्युशनची ट्यूब संपली आणि उरलेलं पायी. कुत्रे आहेत. एकट्या पोरीनं जावं अशी सगळी जागा नाही. पण याच पोरी आज काय करून राहिल्या? सरकारी योजनेत मिळालेल्या सायकलींवर आठवी ते बारावीच्या मुली डांबरी रस्त्यानं शाळेत जातात, बाजूनं टिप्पर आणि कापसाच्या गाड्या. कॅनॉलची वाट साफ झाली, तिच्यावर चार माणसं दिसायला लागली, तर पहिला फायदा त्यांचा. फ्रान्सचा पाहुणा येवो न येवो.

म्हणून मी ग्रामसभेत एक अर्ज दिला. सिमेंट नको, पेव्हर ब्लॉक नको, सेल्फी पॉइंट तर अजिबात नको. कॅनॉलच्या काठची बाभूळ छाटा, फाट्यांवर बाणाच्या अकरा पाट्या लावा (जागा मी मोजून दिल्या आहेत, फाट्याआधी एक, नंतर एक), दोन ठिकाणी पाण्याचा नळ आणि नदीजवळच्या समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या पुराची रेघ मारा, वर्ष लिहून. एका सदस्यानं विचारलं याच्यात कमिशन, आपलं, उत्पन्न किती होईल. दुसरा म्हणे लोक आता सायकलवर बसतात काहो काका, सायकल म्हणजे गरिबी. मी त्याला मोबाईलवर बांधावरचा फोटो दाखवला, म्हटलं हा डॉक्टर आहे, ही बँकेत आहे, आणि मागं क्लिप लावून उभा आहे तो मी. तो म्हणे तुमची गोष्ट वेगळी. सरपंच ताईंनी अर्जावर पोच दिली, तेवढं तरी झालं. इरिगेशनच्या लोकांची परवानगी लागल, तिथलाही अर्ज लिहून ठेवला आहे.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तर महालाच्या जोडीला रस्त्याचा एक फोटो टाका, पाटीसकट. आमच्या इकडच्या माणसाला महाल बांधता येणार नाही, पाटी लावता येईल. आणि तुमचा तालुका प्रतिनिधी एकदा सायकल घेऊन या कॅनॉलवर पाठवा, कारनं नका पाठवू, कार जात नाही.

दिवाळीनंतर कापसाचा पहिला वेचा झाला की आम्ही चौघं त्या वाटेनं कौंडण्यपूरला जाणार आहो, एक मी, एक रिटायर कंडक्टर, एक दूधवाला आणि बारावीतला एक पोट्टा ज्याला पंक्चर काढता येते. या खेपेला सोल्युशनच्या तीन ट्यूबा घेतल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त डाकसेवक
ता. आर्वी, जि. वर्धा

ता.क. लेखातल्या मोठ्या फोटोखाली "लुआर नदीवरील शनोन्सो महाल" असं छापलं आहे. तो महाल लुआरवर नाही, शेर नावाच्या नदीवर आहे, ती पुढं जाऊन लुआरला मिळते. दुसऱ्या महायुद्धात ती शेर नदीच सीमा होती, एका काठावर जर्मन फौज, दुसरा काठ तिच्या ताब्याबाहेर, आणि नदीवर बांधलेल्या त्या महालाच्या लांब दालनातून लोक इकडून तिकडे निसटले. मी त्या दालनातून चालत पलीकडच्या दारानं बाहेर निघालो, पासष्ट पावलं भरली. दुरुस्ती छापावी.